चरबीची लावणी, जाहिरातींचे पीक

पेण-रोह्याच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर सौंदर्योपचारांची जी जाहिरात येते, ती मुंबईतल्या माणसाला येते तीच असते. पोटावरची चरबी काढून गालांत भरू, डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवू, केस दाट करू, आणि हे सगळे तुमच्याच शरीरातल्या ‘स्टेम सेल’ वापरून करू, असा तिचा साधारण सूर. चरबी तुमचीच, मग धोका कसला, असा दिलासाही सोबत असतो. याच दोन तालुक्यांत अशीही माणसे आहेत, ज्यांची भाजलेली मान वर्षानंतरही नीट वळत नाही, ज्यांच्या हातावरचा व्रण कडक होऊन आखडला आहे, किंवा स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीवर खोलगट खड्डा राहिला आहे. चरबी रोपणाचा उपचार त्यांच्यापैकी काहींच्या खरोखर उपयोगी पडू शकतो. मात्र त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचत नाही.

हा विषय या भागाला परका नाही. रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथे रसायनांचे कारखाने आहेत. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा प्रकल्प आहे, पेणजवळ डोलवीला पोलादाचा. डिसेंबर २०२४ मध्ये धाटावच्या एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट आणि आगीने अनेक घरे उद्ध्वस्त केली. अशा दुर्घटनेनंतर मृतांचा आकडा छापून येतो. जे वाचले त्यांची त्वचा कशी बरी झाली, हात कामाला लागला की नाही, चेहऱ्याचे काय झाले, याची बातमी सहसा होत नाही. कारखान्यांखेरीज घरातला स्टोव्ह, गॅसची गळती आणि मुंबई-गोवा महामार्गावरचे अपघात आहेतच.

म्हणून एका बाजूला जाहिरातीतली चरबी आणि दुसऱ्या बाजूला उपचारातली चरबी, यांतला फरक समजून घेणे गरजेचे आहे. दोन्हीकडे शस्त्रक्रियेचे टप्पे तेच दिसतात. चरबी काढायची, तयार करायची आणि दुसरीकडे भरायची. रुग्णाचे लक्ष पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्याकडे असते. खरी मेख मधल्या टप्प्यात आहे. काढलेल्या चरबीचे पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात काय होते, यावर ती जगणार की विरघळणार हे बरेचसे ठरते. आणि ‘स्टेम सेल’च्या नावाने होणारी दिशाभूलही याच मधल्या टप्प्यात शिरते.

काढलेल्या चरबीत काय असते

चरबी शोषून काढण्याआधी त्या जागी सलाइनमध्ये भूल देणारे लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारे ॲड्रेनलिन मिसळून सोडतात. त्यामुळे वेदना आणि रक्तस्राव कमी होतो. मग बोथट टोकाच्या पोकळ नळीने, जिला कॅन्युला म्हणतात, पोट किंवा मांडीच्या त्वचेखालची चरबी ओढून घेतात. सिरिंजमध्ये जे येते ते पिवळसर-तांबूस मिश्रण असते. त्यात अखंड चरबीपेशींचे कण असतात, फुटलेल्या पेशींतून सांडलेले तेल असते, रक्त असते आणि आधी सोडलेले पाणी असते.

चरबीपेशी ही शरीरातली नाजूक पेशी आहे. साधारण एक दशांश मिलिमीटर आकाराची, आतून तेलाने गच्च भरलेली आणि बाहेरून अगदी पातळ पडदा असलेली. जोराने ओढले, अरुंद सुईतून जबरदस्तीने दाबले किंवा उघड्यावर सुकू दिले की तो पडदा फाटतो. फाटलेल्या पेशीतले तेल पुढे काही कामाचे नसते. ते शरीरात भरले तर सूज येते, कधी तेलाच्या गाठी बनतात, त्या पुढे चुन्यासारख्या कडक होतात. रक्त राहिले तर तेही दाह वाढवते. पाणी राहिले तर भरताना गाल छान भरलेला दिसतो आणि दोन दिवसांत ओसरतो. तेव्हा तेल, रक्त आणि पाणी वेगळे करून जिवंत कण तेवढे ठेवणे, हे चरबी तयार करण्याचे काम.

इथल्या वाचकाला हे समजावायला शेताचे उदाहरण पुरे आहे. भाताची रोपे राबातून उपटली की मुळांची माती पाण्यात धुतात, जुड्या बांधतात आणि वेळ न दवडता चिखलात लावतात. मुळे तुटली, रोपे उन्हात पडून राहिली किंवा एका चुडात मूठभर कोंबली, तर शेत कितीही चांगले असो, लावणी धरत नाही. चरबीचेही तसेच आहे. तीही मूळ जागेवरून उपटलेली असते, रक्तपुरवठा तुटलेली असते आणि नव्या जागी तिला पुन्हा मूळ धरायचे असते.

निवळणे, फिरवणे, धुणे

तयार करण्याच्या पद्धती मुख्यतः चार. सर्वांत साधी म्हणजे सिरिंज उभी ठेवून मिश्रण निवळू देणे. जड पाणी आणि रक्त खाली बसते, हलके तेल वर येते, मध्ये चरबी राहते. यात पेशींना मार कमी बसतो, पण पाणी पूर्ण जात नाही. दुसरी पद्धत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवण्याची. न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन सिडनी कोलमन यांनी १९९० च्या दशकात ती रूढ केली. मिनिटाला ३००० फेरे, ३ मिनिटे, हे त्यांचे प्रमाण अजूनही पाठ्यपुस्तकांत आढळते. तिसऱ्या पद्धतीत चरबी न चिकटणाऱ्या निर्जंतुक कापडावर पसरून हलक्या हाताने लोळवतात, म्हणजे पाणी आणि तेल टिपले जाते. चौथी पद्धत बंद पिशवीत सलाइनने धुऊन गाळण्याची. तिच्यात हवेचा आणि हाताचा संपर्क कमी येतो, मात्र एकदाच वापरायच्या साहित्याचा खर्च वाढतो.

यांत श्रेष्ठ कोणती? गेल्या दोन दशकांत या पद्धतींची तुलना करणारे पुष्कळ अभ्यास झाले. कोणतीही एक पद्धत सर्व रुग्णांत, सर्व जागी निर्विवाद सरस ठरलेली नाही. याचा अर्थ तयारीला महत्त्व नाही असा होत नाही. शल्यविशारदाने निवडलेली पद्धत तो दरवेळी सारख्या काळजीने राबवतो का, याला महत्त्व आहे. अमुक यंत्र आमच्याकडे आहे म्हणून चरबी टिकेल, हे विधान मात्र पुराव्यावर उभे नाही.

सेंट्रिफ्यूजचेच पाहा. ‘३००० फेरे’ हा आकडा एकटा अपुरा आहे. चरबीवर पडणारा जोर फेऱ्यांबरोबर यंत्राच्या त्रिज्येवरही ठरतो. त्रिज्या १२ सेंटिमीटर असेल तर ३००० फेऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १२०० पट जोर पडतो. यंत्र लहान असून त्रिज्या ६ सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना तो सुमारे ६०० पट, म्हणजे निम्मा. फेरे दुप्पट केले तर जोर चौपट होतो. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतले यंत्र आणून पुस्तकातला फेऱ्यांचा आकडा लावला, म्हणजे पद्धत पाळली असे होत नाही. जोर कमी पडला तर पाणी राहते, फार पडला तर पेशी फुटतात.

यंत्राखेरीज आणखी तीन गोष्टी मोजाव्या लागतात. पहिली वेळ. चरबी काढल्यावर ती लवकरात लवकर रोपली पाहिजे. फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या महिन्यात भरू म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे, कारण साध्या गोठवणीत चरबीपेशी मोठ्या प्रमाणात मरतात. दुसरी हवा. उघड्या वाटीत ठेवलेली चरबी सुकते आणि जंतूंनाही वाट मिळते. तिसरी जागा. हे काम शस्त्रक्रियागृहात, निर्जंतुक वातावरणात व्हायला हवे. ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत ते होऊ शकत नाही.

लावणीचे गणित

नव्या जागी पहिले काही दिवस चरबीच्या कणाला रक्त मिळत नाही. शेजारच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवातून मिळेल तेवढ्या प्राणवायूवर तो तग धरतो. जपानमधील कोतारो योशिमुरा यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की, रोपलेल्या कणाच्या पृष्ठभागापासून साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंतच्याच चरबीपेशी तगतात. त्याच्या आतल्या थरात चरबीपेशी मरतात, पण काही चिवट पूर्वज पेशी जगून नव्या चरबीपेशी घडवतात. अगदी गाभ्यात सगळेच मरते आणि तिथे तेल किंवा कडक ऊती राहतात.

आता साधा हिशेब करू. २ मिलिमीटर व्यासाचा गोल थेंब घेतला आणि त्याची बाहेरची ०.३ मिलिमीटरची साल जगली, तर थेंबाचा जवळपास दोन तृतीयांश भाग जगतो. १ सेंटिमीटर व्यासाचा गोळा एकाच जागी भरला तर तीच साल त्याच्या जेमतेम सहाव्या भागाएवढी भरते. बाकीचा भाग संकटात. एका गोळ्यातल्या चरबीचे २ मिलिमीटरचे १२५ थेंब होतात. तेच वेगवेगळ्या बोगद्यांत, वेगवेगळ्या खोलीवर, एकेक करून ठेवायचे, हीच या शस्त्रक्रियेची कला. चेहऱ्यावर काम करताना कॅन्युला मागे घेता घेता एका वेळी एक दशांश मिलिलिटरपेक्षाही कमी चरबी सोडतात. म्हणून हे काम वेळखाऊ आहे. पंधरा मिनिटांत ‘लंच ब्रेक’मध्ये चेहरा भरून देतो, असे कोणी म्हणत असेल तर गणित जुळत नाही.

हे भान नवे नाही. १८९३ मध्ये जर्मनीच्या गुस्ताव न्यूबर यांनी दंडातली चरबी घेऊन डोळ्याखालचा खोल व्रण भरला. लहान तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. पुढे १९७० च्या दशकाअखेरीस फ्रान्सच्या इव्ह-जेरार इलूझ यांच्यासारख्यांनी शोषून चरबी काढण्याची पद्धत रुळवली आणि चरबी सहज मिळू लागली. सहज मिळू लागली म्हणून ती निष्काळजीपणे भरलीही जाऊ लागली. गाठी आणि कॅल्शियमचे डाग क्ष-किरण तपासणीत कर्करोगाशी गल्लत करतील, या भीतीने अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये स्तनात चरबी भरण्याला विरोध केला. पद्धती सुधारल्या, तपासणीतले डाग वेगळे ओळखता येऊ लागले आणि २००९ मध्ये त्याच संघटनेच्या कृतिगटाने हा मार्ग पुन्हा खुला केला. या बावीस वर्षांत चरबी तीच होती. बदलली ती तिची हाताळणी आणि ती तपासण्याची क्षमता.

इतके करूनही भरलेली सगळी चरबी टिकत नाही. टिकण्याचे प्रमाण रुग्णागणिक, जागेगणिक बदलते. बऱ्याचदा निम्मी किंवा त्याहून कमी-अधिक राहते. खरा आकार कळायला तीन ते सहा महिने जातात आणि अनेकांना दुसरी, तिसरी बैठक लागते. हे आधी सांगणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा. शंभर टक्के आणि कायमचे, असे सांगणाऱ्याकडून उठून यावे.

‘नॅनोफॅट’पासून ‘स्टेम सेल’पर्यंत

२००१ मध्ये पॅट्रिशिया झूक आणि सहकाऱ्यांनी शोषून काढलेल्या चरबीत अशा पेशी असल्याचे दाखवले, ज्या प्रयोगशाळेत हाड, कूर्चा आणि चरबी यांच्या दिशेने घडवता येतात. शोध महत्त्वाचा होता. संशोधन आजही चालू आहे. पण प्रयोगशाळेत जे घडवता येते ते क्लिनिकमध्ये इंजेक्शन देऊन माणसाच्या गुडघ्यात, डोळ्यात किंवा टाळूवर आपोआप घडते, अशी उडी बाजाराने मारली.

मधली एक पायरी आहे तिला ‘नॅनोफॅट’ म्हणतात. बेल्जियमच्या पॅट्रिक टोनार्ड यांनी २०१३ मध्ये ती मांडली. दोन सिरिंज एका जोडनळीने जोडून चरबी सुमारे ३० वेळा इकडून तिकडे दाबतात, मग गाळतात. निघणारा द्रव इतका पातळ असतो की बारीक सुईतून जातो. यात अखंड चरबीपेशी जवळपास उरतच नाहीत, आधार देणाऱ्या लहान पेशी राहतात. म्हणून नॅनोफॅटने खड्डा भरत नाही. त्याचा वापर त्वचेचा पोत सुधारण्यासाठी होतो. खोलगट गालासाठी नॅनोफॅट विकले जात असेल, तर विकणाऱ्याला तरी ते कळलेले नाही किंवा ग्राहकाला कळू नये अशी त्याची इच्छा आहे.

पुढची पायरी जास्त गंभीर आहे. चरबीत कोलॅजिनेज नावाचे विकर घालून तिचा सांगाडा विरघळवतात आणि सुट्या पेशी गोळा करतात. इथे चरबी चरबी राहत नाही. धुणे, गाळणे, निवळणे ही किरकोळ प्रक्रिया. विकराने ऊती मोडून पेशी वेगळ्या काढणे आणि मूळ कामापेक्षा वेगळ्याच कामासाठी त्या टोचणे, ही मोठी प्रक्रिया. अमेरिकेत हाच वाद न्यायालयात गेला. रुग्णाच्या स्वतःच्या चरबीतून अशा पेशी काढणे म्हणजे औषध बनवणे आहे आणि त्यावर औषध नियामकाचा अधिकार चालतो, असा निकाल जून २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या एका प्रकरणात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या प्रकरणात तिथल्या अपील न्यायालयांनी दिला. ‘चरबी तुमचीच’ हा युक्तिवाद तिथे टिकला नाही.

तो का टिकू नये, याचे उत्तर एका वैद्यकीय नोंदीत आहे. मार्च २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने तीन वृद्ध महिलांची हकिगत प्रसिद्ध केली. वयोमानाने नजर मंदावलेल्या या महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या, त्याही दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. तिघींचीही दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. चरबी त्यांचीच होती.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचे रक्तजनक मूळपेशींचे रोपण सोडले, तर मूळपेशींचा वापर मंजूर चाचण्यांपुरताच करायचा आहे. बाजारी उपचार म्हणून तो देता येत नाही. शिवाय चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेणे अपेक्षित नाही. म्हणजे ‘स्टेम सेल’च्या नावाने पावती फाडली जात असेल, तर तिथेच संशय घ्यायला जागा आहे. २०१९ च्या नवी औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियमांनीही मूळपेशींपासून बनवलेली उत्पादने नव्या औषधांच्या कक्षेत आणली. नियम आहेत. तालुक्याच्या गावात मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिरातीपर्यंत त्यांची पकड पोहोचत नाही, ही अडचण आहे.

प्रशिक्षणाचा प्रश्नही तसाच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपणासारख्या सौंदर्य शस्त्रक्रियांबाबत सूचना काढल्या. कार्यशाळा पाहणे किंवा यूट्यूबवर चित्रफिती बघणे हे अशा शस्त्रक्रिया करायला पुरेसे प्रशिक्षण नाही, असे आयोगाला त्यात लिहावे लागले. असे लिहावे लागते, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. चरबी रोपणात तर चूक जिवावर बेतू शकते. चेहऱ्यावर टोकदार सुईने, जोराने चरबी सोडताना ती रक्तवाहिनीत शिरली तर अंधत्व येऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडले की ते परत फिरवता येत नाही. नितंबाच्या स्नायूत चरबी भरताना ती मोठ्या शिरेत जाऊन फुप्फुसात अडकल्याने जगभर मृत्यू झाले. त्यानंतर २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी स्नायूत चरबी भरू नये, त्वचेखालीच भरावी, असा इशारा दिला.

गरज कोणाची

आता पुन्हा धाटावच्या कामगाराकडे येऊ. खोल भाजल्यावर त्वचेखालचा चरबीचा थर जळून गेलेला असतो. वर बसवलेली त्वचा थेट स्नायूला किंवा हाडाला चिकटते, कडक होते, ओढली जाते, खाजते. अशा जुन्या व्रणाखाली नीट तयार केलेली चरबी पातळ थरात सोडली, तर तो मऊ व्हायला आणि खालच्या ऊतींवरून सरकायला मदत होते, असा जगभरच्या अनेक शल्यविशारदांचा अनुभव आहे. किरणोपचाराने राठ झालेल्या छातीवरही सुधारणा दिसल्याचे इटलीच्या जिनो रिगोत्ती यांनी २००७ मध्ये नोंदवले. यातले बरेच अभ्यास लहान आहेत, म्हणून जादू म्हणून त्याकडे पाहू नये. आखडलेला सांधा आधी मोकळा करावा लागतो, फिजिओथेरपी आणि दाबाचे कपडे यांना पर्याय नाही, व्रण पिकेपर्यंत थांबावे लागते. आणि मजुरी करून सडपातळ राहिलेल्या माणसाच्या अंगावर काढायला चरबीच फार नसते. तरीही योग्य रुग्णात हा उपचार उपयोगी आहे आणि त्याला यंत्रांपेक्षा कुशल, सावकाश हात जास्त लागतो.

तो हात कुठे मिळतो? पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत प्रथमोपचार होतात. गंभीर जळीत रुग्णाला अलिबाग, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. ऐरोलीला राष्ट्रीय जळीत केंद्र आहे. पहिल्या संकटात रुग्णवाहिका धावते, गाव धावते. व्रण मऊ करण्याची वेळ येते ती वर्षभराने. तेव्हा रुग्णवाहिका नसते. दिवा-रोहा गाडी असते, बुडणारा दिवसाचा रोज असतो आणि एकच नाही, तीन-चार फेऱ्या असतात. बहुतेक जण तिथेच थांबतात आणि बाह्या खाली ओढून कामाला लागतात.

याच जिल्ह्याने वेगळा विचारही पाहिला आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग उभारणारे डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या विद्रूपतेवर शस्त्रक्रिया केल्या. १९७० च्या दशकात ते तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, मांडव्याला आले आणि गावातल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्याचे काम उभे केले. प्लास्टिक सर्जनने खेड्यात काय करायचे, या प्रश्नाला ते उत्तर होते. विद्रूपतेवरचा उपचार ही चैन नाही आणि तो फक्त शहराचा विषय नाही, हे त्यांच्या कामातून दिसले.

कायद्यालाही हे मान्य आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ‘चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता’ ही कमाईची क्षमता शंभर टक्के गमावल्याच्या बरोबरीची मानली होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आम्लहल्ल्याच्या पीडितांचा समावेश आहे. म्हणजे विद्रूप चेहऱ्याने माणसाची रोजी जाते, हे भरपाई देताना आपण मानतो. मग तीच विद्रूपता कमी करण्याचा उपचार आला की त्यावर ‘सौंदर्योपचार’ असा शिक्का मारून तो योजनेबाहेर कसा ठेवता येईल? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जळीत रुग्णांचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी येतात. त्या चौकटीत व्रणावरचे चरबी रोपण केव्हा, कोणत्या रुग्णाला, किती बैठकांपर्यंत, याचे स्पष्ट निकष आखले तर खऱ्या गरजूला दार उघडेल आणि त्याच निकषांनी बाजारातल्या अवास्तव दाव्यांनाही मोजता येईल. महिन्यातून एकदा उपजिल्हा रुग्णालयात प्लास्टिक सर्जनची बाह्यरुग्ण तपासणी ठेवली, तर कोणाला मुंबईला पाठवायचे आणि कोणाला नाही, हे तरी इथेच ठरेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

विचारायचे प्रश्न

तोवर ज्याला हा उपचार सुचवला गेला आहे, मग तो गालासाठी असो की व्रणासाठी, त्याने काही प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याची पदवी कोणती? प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.आर.एन.बी. आहे का, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीत ती दिसते का? काम कुठे होणार, शस्त्रक्रियागृहात की खोलीत, आणि त्या रुग्णालयाची नोंदणी आहे का? चरबी काढल्यावर ती कशी तयार करणार, तिच्यात काही मिसळणार का, आणि त्याच बैठकीत भरणार ना? किती टिकेल आणि पुन्हा यावे लागले तर खर्च किती? पावतीवर आणि संमतिपत्रावर काय लिहिणार, चरबी रोपण की स्टेम सेल? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. तोंडी स्टेम सेल आणि कागदावर दुसरेच काही, असे असेल तर पुढे तक्रार करायला हातात काही राहत नाही.

स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या महिलेने आणखी एक करावे. रोपणाआधी आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारावे आणि रोपणानंतरही ठरलेली मॅमोग्राफी चुकवू नये, करताना तिथल्या डॉक्टरला चरबी भरल्याचे सांगावे. जळीत रुग्णाने अपघाताची, पहिल्या उपचाराची आणि रजेची सगळी कागदपत्रे एका पिशवीत जपून ठेवावीत. भरपाई आणि योजना, दोन्ही ठिकाणी तीच लागतात.

प्रश्न विचारल्यावर चिडणारा डॉक्टर सोडून द्यावा. चांगला शल्यविशारद काढलेल्या चरबीची सिरिंज उभी धरून दाखवेल आणि सांगेल, वरचे तेल टाकून देणार, खालचे पाणी टाकून देणार, मधले तेवढे वापरणार. जाहिरातीलाही हाच नियम लावता येतो.